दीड वाजता जागा होणारा डबा

भिवाजी टाकीवर अठ्ठावीस वर्षं होता. गावच्या पाण्याची मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद करायची, गल्लीगल्लीच्या पाईपांचे वाल सोडायचे अन् आवळायचे, एवढंच काम. पण माणूस असा, की नळाखाली ओंजळ धरलेल्यालाही विचारायचा, "तहान लागली, का उगाच पिऊन राह्यला?" आमचं गाव आदिलाबादकडचं, जैनथ मंडळातलं, म्हणजे तालुक्यातलं. पैनगंगा हाकेवर, तरी एप्रिल लागला की हंड्याहंड्यावरून बाया एकमेकींचे केस धरायच्या. अशा गावात पाण्यावर संशयी माणूसच लागतो. सरपंच पाच बदलले, भिवाजी बदलला नाही.

त्याच्याजवळ एक रजिस्टर असायचं. तारीख, मोटर चालू, मोटर बंद, आणि शेवटी एक रुंद रकाना: कैफियत. हा शब्द निजामाच्या दफ्तरातून आला तो तिथंच राहिला. कैफियतीत भिवाजी लिहायचा, 'लाईन गेली', 'वायसर फाटला', 'पाईपात बेडूक'. रजिस्टरचा कायदा त्याला त्याच्या आधीच्या वॉटरमननं शिकवला होता. पान फाडायचं नाही, रबर लावायचं नाही. चुकलं तर लाल पेनानं काट मारायची, बाजूला सही करायची, आणि ज्याच्या नावानं चूक लिहिली त्याच्यासमोर करायची. भिवाजीचं लाल पेन खिशातच वाळून गेलं. त्याच्या मतानं त्याचं कधी चुकलंच नव्हतं.

गावाच्या मतानं एकदा चुकलं होतं. चौदा वर्षांपूर्वी भर मे महिन्यात सगळे नळ बंद असताना टाकी उतरू लागली. भिवाजीनं एकेका गल्लीचा वाल आवळत नेला. खालच्या गल्लीचा आवळला अन् पाणी थांबलं. त्या गल्लीत शेवटचं घर सोजरबाईचं, एकट्या बाईचं, अन् तिच्या भिंतीवर मे महिन्यात दोडक्याचा वेल हिरवागार. भिवाजीला आणखी काय पाहिजे? कैफियतीत लिहिलं, 'सोजरबाई. चोर कनेक्शन.' नळ कापला. सोजरबाई दोन उन्हाळे शाळेजवळच्या बोअरिंगवरून डोक्यावर पाणी वाहत राहिली. मग सिमेंटच्या रस्त्यासाठी खोदताना तिच्या भिंतीखाली गल्लीचा मुख्य पाईपच चिरलेला निघाला. वेलाला पाणी तोच पाजत होता. तिचा नळ परत जोडला. रजिस्टरातली ओळ मात्र जशीच्या तशी, आणि गावाच्या तोंडातलं 'चोर नळाची सोजर' हेही तसंच. नवीन टाकी आली तेव्हा जुनी रजिस्टरं कोणी मागितली नाहीत. भिवाजीनं ती घरी आणून पेटीत ठेवली.

निवृत्त झाल्यावर असा माणूस घरात बसला तर काय होईल, ते त्याची बायको पंचफुला सांगायची. "पह्यले गावाचे नळ मोजे, आता माह्या चुलीवरचे बुडबुडे मोजते."

मुलगा नागेश आदिलाबादला सरकारी दफ्तरात क्लार्क. सून वृषाली जैनथच्या शाळेत गणित शिकवते, माहेर नेरडीगोंड्याचं. दोघंही सकाळी डबे घेऊन निघतात, संध्याकाळी येतात. नागेशला एक नाद. त्यानं जुना कॉम्प्युटर आणून समोरच्या खोलीत स्टुलावर ठेवला आणि त्यात एक ठोकळ्यांचा खेळ बसवला. तो अन् होस्टेलातले तीन दोस्त त्या खेळात गाव बांधत होते. ठोकळ्यांची घरं, ठोकळ्यांच्या विहिरी, ठोकळ्यांची पराटी, म्हणजे कपाशी. गाव त्या डब्यात, अन् दोस्त आपापल्या मोबाईलवरून जिथं असतील तिथून गावात शिरायचे. संघपाल बोथ गावच्या शाळेत मास्तर, करण पुण्याला कंपनीत, आणि चंपत जैनथ रोडवर ऑटो चालवतो.

भिवाजीचं पहिलं भांडण डब्यातल्या पंख्याशी झालं.

"आता कोनी खेळून राह्यलं काय रे?"

"आता नाई बा. संध्याकाळी खेळतो आमी."

"मंग नळाले कोनी नाई अन् मोटर काऊन चालू?"

महिनाभर हाच प्रश्न ऐकून नागेश कंटाळला. त्यानं काड्याच्या पेटीएवढी एक डबी आणून मोठ्या डब्याजवळ ठेवली. मग बापाला समजावलं. "हे पाहा बा. आता मोठा डबा झोपेल रायते. ही डबी दारात बसेल हाय. कोनी बाहेरून हाक मारली की डबी त्याले उठवते. सारे निंघून गेले की डबा वीस मिनिटं वाट पायते, अन् झोपते."

"म्हंजे आपल्या आपन चालू होते?"

"हो."

"हाक कोनी भी मारू शकते?"

"ज्याले पत्ता मालूम हाय, तो."

नागेश बोलून गेला अन् जेवायला बसला. भिवाजीचा घास तिथंच थांबला. ऑटोस्टार्टर त्यानं आयुष्यभर पाहिले होते. लाईन आली की माणूस नसताना मोटरी सुरू होतात, विहीर कोरडी असली तरी फिरतात अन् जळतात. इथं तर लाईनही नाही, कोणाची तरी नुसती हाक. घरात बसलेली वस्तू बाहेरच्या माणसाचं ऐकते, ही गोष्ट त्याला पटेना.

आठ-दहा दिवसांनी दुपारी भिवाजी समोरच्या खोलीत पडला होता. पंचफुला आत डाळ निवडत होती. डबा घुरघुरला. हिरवा दिवा लागला. भिवाजीनं घड्याळ पाहिलं. एक वाजून एकतीस. उठून डब्यावर हात ठेवला, जसा मोटरीवर ठेवायचा. गरम होत होता. थोड्या वेळानं दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक एकतीस. तिसऱ्या दिवशीही.

भिवाजीनं पेटीतून एक कोरं रजिस्टर काढलं. पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, डबा चालू, डबा बंद, कैफियत.

"आता हे काय लावलं?" पंचफुलानं विचारलं.

"भर दुपारी कोनतरी येऊन राह्यलं घरात."

"कोन व माय? मी तं इथंच बसेल हाओ!"

"तुले दिसनार नाई."

पंचफुलानं हातातलं सूप खाली ठेवलं अन् दाराची कडी पाहून आली.

नागेशला त्यानं सरळ विचारलं नाही. वॉटरमन कधी सरळ विचारत नाही, तो वाल आवळतो. डबा जागा झाला की एकेका दिवशी एकेकाला फोन लावायचा, आणि तो माणूस कुठं आहे ते बघायचं. पहिल्या दिवशी संघपाल. तो वर्गात होता, मागं पोरांचा कल्ला. करणनं पुण्याहून हळूच सांगितलं, "काका, मीटिंगमदी हाओ." चंपत तर उखडलाच. "काका, दहा सीट बसेल हायत ऑटोत. ब्रेक दाबू का मोबाईल?"

मग नागेशचा वाल. "हॅलो, जेवला काय रे?"

"हो बा. साहेबासमोर हाओ. काय झालं?"

"काई नाई. जेव."

तीन दिवस असं झाल्यावर नागेश घरी येऊन आईला म्हणाला, "बाले बरं नाई काय? रोज दीड वाजता माह्या जेवनाची चौकशी करते."

पत्ता माहीत असलेलं पाचवं माणूस घरातलंच होतं. लग्नानंतर नागेशनं वृषालीच्याही मोबाईलवर तो खेळ टाकून दिला होता. ठोकळ्यांच्या गावात तिनं एक शाळा बांधली होती. भिवाजीनं दीड वाजून पाच मिनिटांनी तिला फोन लावला. फोन व्यस्त. दुसऱ्या दिवशी व्यस्त. तिसऱ्या दिवशी व्यस्त.

टाकी उतरत होती आणि एकच वाल उरला होता.

तरी भिवाजी घाई करणारा नव्हता. चौथ्या दिवशी तो चंपतच्या ऑटोत बसून जैनथला गेला. निघताना पंचफुलाला बजावलं, "दीडले डब्याजवळ बस. पेटला की मले फोन लाव." शाळेसमोर पानटपरी आहे. तिच्या आडोशाला तो उभा राहिला. पोरं जेवत होती. वृषाली एकटीच भिंतीच्या सावलीत मोबाईल कानाला लावून बसली होती, हसत होती, मान हलवत होती. तेवढ्यात भिवाजीच्या खिशातला फोन वाजला.

"पेटला बाप्पा तुमचा डबा!" पंचफुला ओरडली. "अन् आता भाजी जळून राह्यली माही, मी चालली!"

परतताना चंपतनं विचारलं, "काका, शायेत काय काम होतं?"

"पानी पाह्याले गेलो होतो."

त्या संध्याकाळी वृषालीनं नेहमीसारखा चहा आणून दिला. भिवाजीनं कप घेतला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी त्यानं कैफियतीत लिहिलं, 'वृषाली. आतून कनेक्शन. कोणाशी ते मालूम नाही.'

नागेशला सांगावं तर पोरगा भोळा, बायकोला सांगून टाकेल. म्हणून भिवाजीनं वृषालीच्या बापाला, बाबारावला, नेरडीगोंड्याला फोन लावला. "जयभीम. आइतवारी येऊन जा. पोरीच्या बाबतीत बोलाचं हाय." बाबारावनं काय झालं म्हणून तीनदा विचारलं. "फोनवर बोलाची गोष्ट नाई," एवढं सांगून भिवाजीनं फोन ठेवला. पोरीच्या बापाला असं कोणी म्हटलं की त्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भिवाजीला हे कळत होतं. तरी म्हटलं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. बापाचा फोन वृषालीला सकाळीच आला. ती न्हाणीत कपडे धूत होती. तशीच ओल्या हातानं समोरच्या खोलीत आली. मागून नागेश आला, पंचफुला आली.

"मामाजी, माह्या बाबाले काय सांगतलं तुमी? रडून राह्यले ते."

भिवाजीनं रजिस्टर पुढं सरकवलं.

वृषालीनं उभ्याउभ्या वाचलं. पान उलटलं, पुन्हा मागं आली. नागेशनं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "बा, तुमाले लाज..."

"थांबा," वृषाली म्हणाली. "मामाजी, दीड वाजता मी कोनाशी बोलतो ते पाह्याचं हाय ना?" तिनं मोबाईल उघडून त्याच्या हातात दिला. एकाच नंबराची रांग. 'आई.' 'आई.' 'आई.' "माही माय दीडले वावरातून घरी येते. तेवाच फोन उचलते ते. रोज बोलतो आमी."

भिवाजीनं यादी शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाला, "मायच्या नावानं दुसऱ्या कोनाचा नंबर टाकता येते."

पंचफुला म्हणाली, "अवो, जिभेले काई हाड?"

वृषाली रागावली असती तर भिवाजीला सोपं गेलं असतं. ती खाली बसली, रजिस्टर मांडीवर घेतलं. "हे तुमी लिहेल हाय ना? तुमच्याच हातचं?"

"एक मिनिट इकडचं तिकडं नाई."

"मंग वाचा. सोमवार, चालू एक एकतीस, बंद एक बावन. मंगळवार, एक एकतीस, एक बावन. बुधवार तेच. गुरुवार तेच. मामाजी, अठ्ठावीस वर्सं तुमी नळ पाह्यले. मानूस रोज मोजून एकवीस मिनिटं पानी भरते काय? एखाद्या दिवशी हंडा लहान असते, एखाद्या दिवशी बाई गप्पा मारते. अन् संध्याकाळचं पाहा, हे चौघं खेळतात तेवाचं. कवा चाळीस मिनिटं, कवा दोन घंटे. हे मानसाचं काम हाय. दुपारचं मानसाचं नाई."

भिवाजीनं रजिस्टर ओढून घेतलं. चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत खाली आला. आकडे त्याचेच होते. बारा दिवस त्यानं ते नीट लिहिले होते आणि बारा दिवस फक्त शेवटचा रकाना वाचला होता.

नागेश डब्याजवळ बसला. डब्याची पण आपली एक नोंद असते, कोणी कधी हाक मारली याची. त्यानं ती उघडली आणि हसला, पण ते हसणं कडू होतं. "बा, हे मानूस नोयच. दूर देशातली कोनती तरी मशीन हाय. दुनियेतल्या साऱ्या दारांवर टकटक करत फिरते. इथं खेळ हाय काय, किती जन खेळून राह्यले, एवढं इचारते अन् निंघून जाते. आपला नंबर रोज दीडले लागते. ते आत येतच नाई. डबीले वाटते कोनी आलं. ते डब्याले उठवते. डबा मिनिटभरात उठते, वीस मिनिटं वाट पायते अन् झोपते."

"मंग ते मशीन कोनी लावली?" भिवाजीनं विचारलं.

"मले काय मालूम!"

"म्हंजे कोनीतरी हाय."

"हाय ना. पन ते नेरडीगोंड्याचं नाई, अन् तुमची सून भी नाई."

दुपारी चौघंही डब्यासमोर बसले. वृषालीचा मोबाईल भिवाजीच्या सदऱ्याच्या खिशात, नागेशचा पंचफुलाच्या हातात. एक एकतीसला हिरवा दिवा लागला. भिवाजीनं वृषालीकडं पाहिलं, तिचे दोन्ही हात मांडीवर होते. एक बावनला दिवा विझला. तोवर कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही.

मग वृषाली उठली, कपाटावरची बॅग काढली आणि तिच्यात साड्या भरू लागली.

"आता तं समजलं ना बाले," नागेश म्हणाला.

"तुमच्या बाले समजलं. रजिस्टराले नाई समजलं." ती भिवाजीकडं वळली. "उद्या माहे बाबा येतात. तुमच्या रजिस्टरचा कायदा मले सासूबाईनं सांगेल हाय. काट मारा, सही करा, मी समोर हाओ. अन् माही एकटीची नाई. सोजरबाईची भी. तिच्यासमोर, उद्या बाबा येच्या आंदी. नाई तं मी त्याईच्या संग चालली. ज्या घरात चोराच्या रकान्यात बाईचं नाव वाळत पडते, तिथं मी राहत नाई. आज दोन हायत, उद्या तिसरं येईन."

वृषालीच्या नावावरची काट भिवाजीनं तिथंच मारली. वाळकं पेन चालेना, नागेशचं लाल पेन घेतलं. सही केली, तारीख टाकली. पण सोजरबाईचं नाव निघताच तो उठून अंगणात गेला अन् अंधार पडेपर्यंत विनाकारण बादल्या भरत बसला.

रविवारी सकाळी पंचफुला पेटीजवळ उभी होती. जुनं रजिस्टर तिनंच काढून झटकलं होतं. "नळ कापाले कसे धावत गेले होते? तसेच जा."

सोजरबाई दारात बसून ज्वारी पाखडत होती. भिवाजीला पाहून तिनं सूप थांबवलं नाही.

"काय व मोटरवाले? आता भिंत कापाले आले काय?"

"काट माराची हाय."

"कायची?"

भिवाजीनं पान उघडून दाखवलं. कागद पिवळा पडला होता.

"मले वाचता येते काय? वाचा."

त्यानं पुटपुटत वाचलं.

"ऐकू नाई आलं. कापाच्या दिवशी तं साऱ्या गल्लीले ऐकू गेलं होतं." सोजरबाईनं आवाज दिला. समोरच्या, बाजूच्या बाया दारात आल्या. "हं. आता वाचा."

भिवाजीनं मोठ्यानं वाचलं. "सोजरबाई. चोर कनेक्शन." मग लाल पेनानं काट मारली, सही केली. पेनाखाली पान थोडं फाटलं.

"काय लिवलं?"

"चूक, म्हून लिवलं."

"कोनाची?"

"माही."

"ते लिवा."

त्यानं लिहिलं. सोजरबाई म्हणाली, "आता ते पान मले द्या."

"पान फाडता येत नाई. कायदा हाय."

"मंग सारं रजिस्टरच ठेवून जा."

चार वर्षांचं पाणी होतं त्यात, रोजचं, मिनिटामिनिटाचं. भिवाजीनं पान मिटलं. मग रजिस्टर तिच्या ओट्यावर ठेवलं. तिनं ते उचलून ज्वारीच्या डब्यावर झाकण म्हणून घातलं आणि पुन्हा पाखडू लागली. बस म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही.

घरी आला तेव्हा बाबाराव खाटेवर बसले होते. चहा समोर तसाच, साय धरलेला. दाराशी बॅग. वृषालीनं भिवाजीच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं.

"रजिस्टर?"

"तिनं ठेवून घेतलं."

"काट मारली?"

"साऱ्या गल्लीले इचार."

वृषालीनं बॅग उचलली आणि आत नेली. बापाला म्हणाली, "बाबा, चहा थंड झाला, दुसरा ठेवतो. जेवूनच जा." बाबारावांनी सगळं ऐकलं होतं. ते भिवाजीशी त्या दिवशी जयभीमच्या पुढं एक शब्द बोलले नाहीत.

नागेशनं सकाळीच डबीला नवीन शिकवण दिली होती. नुसती चौकशी करणाऱ्याला उत्तर द्यायचं, पण डबा उठवायचा नाही. यादीतल्या नावानं कोणी आत यायला लागलं तरच उठवायचा. यादीत पाच नावं. पाचवं वृषालीचं. भिवाजीनं यादी दोनदा वाचून घेतली.

दीड वाजता ताटं मांडली होती. भिवाजीची नजर घड्याळावर. एक एकतीस झाले, बत्तीस झाले, दिवा लागला नाही. एक बावनही होऊन गेले. तो उठला, डब्याजवळ गेला आणि वरून एकदा हात ठेवून पाहिला. थंड होता. मागच्या बाजूनंही हात लावला.

"मामाजी," वृषाली आतून म्हणाली, "भाकर थंड होऊन राह्यली. हात धुवा अन् या."